बीएस-६ डिझेल गाडी: ईजीआर-डीपीएफ शाबूत ठेवून ॲव्हरेज कसं राखायचं

बीएस-६, म्हणजे धुराचे सध्याचे सरकारी निकष, पाळणाऱ्या डिझेल गाडीचं ॲव्हरेज उतरलं की गॅरेजमध्ये ठरलेला सल्ला मिळतो: "ईजीआर बंद करा, डीपीएफ आतून मोकळा करून घ्या, गाडी पळायला लागेल." (ईजीआर हा जळका वायू पुन्हा इंजिनात फिरवणारा भाग, डीपीएफ हा काजळी अडवणारा फिल्टर.) हा सल्ला पूर्ण खोटा नाही, म्हणूनच तो खपतो. डिझेल इंजिनात कमी इंधन आणि कमी विषारी धूर या दोन गोष्टी काही ठिकाणी खरोखरच एकमेकींच्या आड येतात. पण त्या नेमक्या कुठे आड येतात हे समजून घेतलं, तर बहुतेक गाड्यांचं हरवलेलं ॲव्हरेज या भागांना हात न लावता परत मिळतं. कारण ते हरवलेलं असतं भलतीकडेच.

आधी एक घोळ मिटवू. "प्रदूषण" या एका शब्दात आपण दोन वेगळे हिशोब मिसळतो. कार्बन डायऑक्साइड हा सरळ इंधनाचा हिशोब आहे: एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६ ते २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, इंजिन कितीही चांगलं असो. ॲव्हरेज वाढलं की तो आपोआप घटतो. नायट्रोजनची ऑक्साइडं, म्हणजे नॉक्स, आणि काजळी यांचं तसं नाही. त्या दोन्ही किती निर्माण होतील हे डिझेल किती जळलं यापेक्षा कसं जळलं यावर ठरतं. ओढाताण आहे ती इथे.

ओढाताण कशी होते

डिझेलमधून जास्तीत जास्त काम काढायचं तर ते पिस्टन वर पोचण्याच्या सुमारास झपाट्याने, गरम आणि भरपूर हवेत जळलं पाहिजे. पण ज्वाळेचं तापमान दीड हजार अंश सेल्सिअसच्या वर गेलं की हवेतला नायट्रोजनही ऑक्सिजनशी जुळायला लागतो आणि नॉक्स वाढतो. तो कमी करायचे जुने दोन मार्ग आहेत. एक, डिझेल थोडं उशिरा फवारायचं. दुसरा ईजीआर, म्हणजे सायलेन्सरकडे निघालेला जळका वायू थोडा थंड करून पुन्हा इंजिनात घालायचा. त्याने आतला ऑक्सिजन कमी होतो, ज्वाळा थंडावते, नॉक्स घटतो. मात्र दोन्हींत काजळी वाढते, आणि फवारणी उशिरा केली तर इंधनही जास्त लागतं.

ही वाढलेली काजळी अडवायला डीपीएफ बसवला जातो. हा सच्छिद्र सिरॅमिकचा फिल्टर. तो भरत गेला की इंजिनाला धूर बाहेर ढकलायला जोर लावावा लागतो. भरलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून जास्तीचं डिझेल वापरते. पुढे एससीआर आला: सायलेन्सरमध्ये युरियाचं पाणी, म्हणजे डीईएफ, फवारून नॉक्सचा पुन्हा साधा नायट्रोजन करायचा. नॉक्सचा बंदोबस्त असा बाहेर होऊ लागल्यावर इंजिनात डिझेल पुन्हा थोडं गरम, थोडं लवकर जाळायची मुभा मिळाली. एससीआर असलेल्या गाडीचं ॲव्हरेज चांगलं ठेवता येतं त्याचं कारण हे. त्याची किंमत डीईएफच्या रूपाने मोजावी लागते, दर शंभर लिटर डिझेलमागे साधारण दोन ते पाच लिटर.

बीएस-४ डिझेल कारला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नॉक्स आणि २५ मिलिग्रॅम कण चालत होते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये हे आकडे ८० आणि ४.५ झाले. १ एप्रिल २०२३ पासून प्रयोगशाळेबाहेर, रस्त्यावर चालवूनही तपासणी लागू झाली. एवढी उडी फक्त इंजिन ट्यून करून घेता येत नाही. ईजीआर, डीपीएफ आणि एससीआर यांचा हिशोब एकमेकांवर बेतलेला असतो. त्यातला एक काढला की उरलेले दोन चुकीच्या गणितावर चालायला लागतात.

गाडी फिल्टरमधली काजळी जाळते आहे हे ओळखा

काजळी दोन प्रकारे जळते. हायवेवर सायलेन्सरमधलं तापमान २५० ते ४०० अंशांत राहिलं की नॉक्समधलाच नायट्रोजन डायऑक्साइड काजळीला हळूहळू खातो. वेगळं डिझेल लागत नाही. ईजीआर-डीपीएफचं गणित किती गुंतलेलं आहे ते यावरून दिसतं: ज्या नॉक्सला आपण हाकलू पाहतो, तोच फिल्टरमध्ये झाडू मारतो. शहरात एवढी उष्णता मिळत नाही. मग ठरावीक काजळी साठली की गाडी स्वतः रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळून फिल्टर मोकळा करणं, सुरू करते. पॉवर स्ट्रोक संपता संपता थोडं डिझेल जादा फवारलं जातं, ते पुढच्या कॅटॅलिस्टवर (धुरावर रासायनिक क्रिया घडवणाऱ्या भागावर) जळतं आणि फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापतो. हे दहा ते वीस मिनिटं चालतं.

बऱ्याच गाड्यांत हे चालू असताना कोणताही दिवा लागत नाही. खुणा मात्र असतात. उभ्या गाडीत इंजिनाचा आवाज नेहमीपेक्षा किंचित चढा, म्हणजे ८०० च्या जागी ९५०-१००० आरपीएम. स्क्रीनवरचं चालू ॲव्हरेज कारण नसताना पडलेलं. ऑटो स्टार्ट-स्टॉप काम करत नाही. गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा जोरात फिरतो आणि खालून तापलेल्या लोखंडाचा वास येतो.

अशा वेळी गाडी बंद करू नका. घर आलं असलं तरी पंधरा मिनिटं जवळच्या मोकळ्या रस्त्यावर, पुण्यात असाल तर कात्रज-देहूरोड बायपाससारख्या ठिकाणी, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमच्या आसपास एकसारखी चालवा. वेग किती हवा ते आपल्या गाडीच्या पुस्तकात पाहा; ताशी ५०-६० च्या वर सलग चालणं ही बहुतेकांची अट असते. लांब उतार निवडू नका. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल तुटतं, नुसती थंड हवा सायलेन्सरमधून जाते आणि तापलेला फिल्टर निवतो. आणि जोरात चालवून फिल्टर लाल तापलेला असताना गाडी एकदम थांबवून नुसती चालू ठेवणंही बरं नाही: वायूचा प्रवाह पडतो, उष्णता आतच कोंडते आणि सिरॅमिकला तडा जाऊ शकतो.

एक धोक्याची सूचना. मार्च ते मेमध्ये वाळलेल्या गवतावर, धसकटांवर किंवा पाचटावर अशी गाडी उभी करू नका. सायलेन्सर त्या वेळी गवत पेटण्याइतका तापलेला असतो.

रिजनरेशन पुन्हा पुन्हा अर्धवट तुटलं तर नुकसान फिल्टरपुरतं राहत नाही. उशिरा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांमधून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी, गाडी थंड आणि सपाट जागी असताना, ऑइलची पट्टी काढून पाहा. एरवी आपण ऑइल कमी झालं का ते बघतो. इथे वाढलं का ते बघायचं. पट्टीवरचा थेंब दोन बोटांत चोळा: पाण्यासारखा पातळ लागला, डिझेलचा वास आला आणि पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल, तर किलोमीटर कितीही कमी झालेले असोत, ऑइल लगेच बदला. पातळ झालेलं ऑइल आधी टर्बोचं, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचं, बेअरिंग खातं. पातळी फारच वाढली तर ऑइल हवेच्या वाटेने आत खेचलं जाऊन इंजिन चावी काढूनही थांबत नाही, इथपर्यंत वेळ येते.

ॲव्हरेज खरं मोजा

स्क्रीनवरच्या आकड्यावर भांडू नका. त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने, पहिल्या कटपर्यंत टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्य करा, टाकी अर्ध्याखाली आल्यावर पुन्हा तसंच भरा. किलोमीटर भागिले लिटर. हे तीनदा करा आणि सरासरी काढा. एकाच टाकीवर निष्कर्ष काढला तर फसाल, कारण एका टाकीत एक रिजनरेशन येतं, दुसरीत तीन.

त्याच वहीत प्रत्येक रिजनरेशन किती किलोमीटरवर झालं ते लिहा. ओबीडीला, म्हणजे गाडीच्या तपासणी सॉकेटला, लावायचा ब्लूटूथ डोंगल आणि गाडीला जुळणारं ॲप असेल तर हे सोपं जातं. नसेल तर वरच्या खुणांवरून अंदाज बांधा. वापरानुसार हे अंतर साधारण ३०० ते ८०० किलोमीटर असतं. तुमच्या गाडीचं नेहमीचं अंतर ४०० असेल आणि ते १५० वर आलं, तर काहीतरी जास्त काजळी करतंय. ॲव्हरेजही त्याच कारणाने पडलेलं असतं. ही वही मेकॅनिकपुढे ठेवली की अर्धं निदान झालेलं असतं.

दोष या क्रमाने शोधा

स्वस्त गोष्ट आधी, महाग नंतर.

१. टायरची हवा. थंड टायरमध्ये दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली. हवा नीट असली की इंधनही वाचतं आणि धूरही घटतो. इथे काहीच गमवावं लागत नाही.

२. एअर फिल्टर. उजेडासमोर धरा. धुळीच्या रस्त्यावर, उसाच्या हंगामात ट्रॅक्टरांमागे चालणाऱ्या गाडीला सर्व्हिस बुकातल्या किलोमीटरच्या आधीच तो लागतो. हवा कमी पडली की तेवढ्याच डिझेलची जास्त काजळी होते.

३. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे पाइप आणि क्लिपा. जोडावर तेलकट ओघळ, रेस करताना शिट्टीसारखा आवाज, चढावर गाडी न ओढणं: टर्बोची हवा गळते आहे.

४. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान राखणारी झडप. हे बहुतेक जण विसरतात. तो उघडा अडकला की इंजिन पुरेसं तापतच नाही. वीस मिनिटं चालवूनही स्कॅनरवर कूलंट ८० अंशांच्या खाली रेंगाळत असेल किंवा पी०१२८ हा बिघाडाचा कोड असेल तर आधी हाच बदला. थंड इंजिन डिझेल जास्त पितं, आणि पुरेसं तापमान नसेल तर बऱ्याच गाड्या रिजनरेशन सुरूच करत नाहीत. एका स्वस्त भागापायी चांगले डीपीएफ निकामी ठरवले जातात.

५. डीपीएफचा प्रेशर सेन्सर. चावी चालू, इंजिन बंद: फिल्टरच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक शून्य दिसला पाहिजे. दिसत नसेल तर सेन्सर खोटं बोलतोय. त्याच्या दोन रबरी नळ्या उष्णतेने तडकतात किंवा काजळीने बुजतात. आधी त्या पाहा.

६. इंजेक्टर. परतीच्या नळ्यांना सारख्या बाटल्या लावून गाडी काही मिनिटं चालू ठेवा. चारही बाटल्यांत साधारण सारखं डिझेल जमलं पाहिजे. एकीत इतरांच्या दुप्पट-तिप्पट जमलं तर तो इंजेक्टर गेला. गळका इंजेक्टर डिझेल थेंबांनी सोडतो, आणि थेंब नीट जळत नाही, त्याची काजळी होते.

७. मग ईजीआर. पी०४०१ म्हणजे वायू कमी जातोय, बहुधा झडप चिकटलेली. ती काढून कार्बन क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ करा, स्क्रूड्रायव्हरने बसायची जागा खरवडू नका. गॅस्केट नवं घाला. बसवल्यावर स्कॅनरने झडपेचं नवं शून्य शिकवावं लागतं, नाहीतर कोड परत येतो.

पी२४६३ हा काजळी फार साठल्याचा कोड आहे. नुसता कोड पुसून गाडी परत देणाऱ्याकडे जाऊ नका. आधी वरची कारणं, मग सर्व्हिस सेंटरमध्ये उभ्या गाडीचं रिजनरेशन, आणि त्यानंतर ऑइल बदलणं. डीपीएफचा पिवळा दिवा लागल्यावर दोन-तीन दिवस टाळाटाळ केली तर काजळी इतकी साठते की गाडी स्वतः जाळायचं थांबवते. टाकी रिझर्व्हवर असली तरी बऱ्याच गाड्या रिजनरेशन सुरू करत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

गिअर आणि आरपीएम

ॲव्हरेजसाठी पाचव्या गिअरमध्ये ताशी ४० ने गाडी ओढायची सवय आपल्याकडे जुनी आहे. कमी आरपीएमवर इंजिन खरंच कमी इंधन घेतं, पण त्याला खालची मर्यादा आहे. १३०० च्या खाली टर्बो पुरेशी हवा देत नाही. त्यात चढावर ॲक्सिलरेटर दाबला की डिझेल जास्त, हवा कमी, आणि सगळी काजळी फिल्टरमध्ये. जे वाचलं ते पुढच्या रिजनरेशनमध्ये जातं. सपाट रस्त्यावर १५०० ते २०००, चढावर एक गिअर खाली, हा हिशोब दोन्ही बाजूंनी परवडतो.

सकाळी उभ्या जागी गाडी "गरम करत" ठेवू नका. डिझेल इंजिन रिकामं चालवून फार सावकाश तापतं. अर्ध्या मिनिटाने निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवा. एसी लावून उभी असलेली कार तासाला पाऊण-एक लिटर डिझेल जाळते, आणि तेवढ्या वेळात सायलेन्सर थंडावतो. २०० अंशांच्या खाली एससीआर जवळजवळ काम करत नाही.

ऑइल आणि डीईएफ: काटकसर इथे महागात पडते

काजळी जळते, राख जळत नाही. इंजिन ऑइलमधल्या धातूच्या क्षारांची राख फिल्टरमध्ये कायमची साठते. म्हणून कमी राखेचं तेलच घाला. डब्यावर एसीईए (तेलाचा युरोपीय दर्जा) सी२ किंवा सी३ असेल तर राखेचं प्रमाण ०.८ टक्क्याच्या आत असतं. जुन्या डिझेल गाड्यांना चालणाऱ्या तेलांत ते दीड टक्क्यापर्यंत जातं. दिसायला दोन्ही सारखी, डब्याच्या किमतीत थोडाच फरक, पण महाग फिल्टर दुप्पट वेगाने बुजतो.

डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि क्षार काढलेलं पाणी. गावाकडे एक जुगाड सर्रास सांगितला जातो: शेतातला युरिया पाण्यात विरघळवून टाकीत ओता. तो करू नका, आणि का ते स्वतः पाहा. खताच्या गोणीतले चार दाणे ग्लासभर कोमट पाण्यात टाका. दाणे विरघळतात, पण पाण्यावर पिवळसर तेलकट तवंग येतो. आपल्याकडे २०१५ पासून खताचा जवळजवळ सगळा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा थर देऊनच विकला जातो. शिवाय त्यात बाययुरेट ही अशुद्धी असते. हे सगळं तापलेल्या नळीत फवारलं की इंजेक्टरच्या तोंडाशी पांढरे कडक खडे जमतात आणि कॅटॅलिस्ट खराब होतो. मग पी२०ईई कोड येतो आणि ठरावीक किलोमीटरनंतर गाडी सुरूच होत नाही.

सीलबंद, आयएसओ २२२४१ लिहिलेला कॅन घ्या, उन्हात ठेवू नका, वर्षाच्या आत संपवा. निळं झाकण डीईएफचं. चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका. गाडी टो करून टाकी रिकामी करा. एकदा पंप फिरला की पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळं बदलायची पाळी येते.

"बंद करून घेण्या"चा खरा हिशोब

ईजीआर बंद केल्यावर काजळी कमी होते आणि कधी कधी ॲव्हरेज किंचित वाढतं. पण नॉक्स कैक पटींनी वाढू शकतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. इथेच लोक फसतात, कारण डिझेल गाडीची पीयूसी चाचणी फक्त धुराचा काळेपणा मोजते. नॉक्स मोजतच नाही. ईजीआर बंद केलेली गाडी पीयूसीत उलट जास्त स्वच्छ दिसते. प्रमाणपत्र हातात असतं आणि मागे शाळेच्या रिक्षात बसलेल्या मुलांच्या छातीत नॉक्स जात असतो. हा दम्याला चिथावणारा वायू आहे आणि उन्हात त्यातूनच जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. नॉक्स कमी करण्याची ही किंमत टाळण्यासाठीच फोक्सवॅगनने सॉफ्टवेअरमध्ये लबाडी केली होती आणि ती सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाली. गल्लीतला रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या सॉफ्टवेअरमधला बदल, तेच काम कमी खर्चात करतो.

डीपीएफ पोकळ केल्यावर तर बारीक काजळी थेट बाहेर जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणाचे निकष मोडल्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाळगायला अपात्र, अशी तरतूद आहे. वॉरंटीही गेलेली असते.

राखेने फिल्टर खरंच भरला असेल, म्हणजे दीड-दोन लाख किलोमीटर झाले आणि रिजनरेशननंतरही दाब उतरत नाही, तर तो काढून धुता येतो. पूर्ण थंड होऊ द्या, धुण्याआधी वजन करा, बाहेरच्या टोकाकडून आतल्या टोकाकडे हवा आणि पाणी सोडा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. ओव्हनमध्ये किंवा गरम हवेने पूर्ण वाळवा, पुन्हा वजन करा. हे काम मशीन असलेल्या माणसाकडूनच करून घ्या आणि दोन्ही वजनं मागा. बसवल्यावर स्कॅनरने राखेचा हिशोब शून्य करायला लावा, नाहीतर गाडी जुन्याच अंदाजाने वेळीअवेळी डिझेल जाळत राहील.

ज्यांचं रोजचं जाणं-येणं चार-पाच किलोमीटरचं आहे आणि महिन्यातून एकदाही हायवे होत नाही, त्यांनी डिझेल घेऊच नये. वरच्या सगळ्या सवयी पाळूनही ती गाडी कधी पुरेशी तापणार नाही.

जुनी बीएस-६ डिझेल गाडी घेताना थंड सायलेन्सरच्या तोंडात पांढरा रुमाल घालून आतून फिरवा. फिल्टर शाबूत असलेल्या गाडीत लाखभर किलोमीटरनंतरही रुमालावर फार तर राखाडी धूळ येते. काळीकुट्ट काजळी आली, तर आत फिल्टर फुटलेला आहे किंवा नाहीच. नव्या डीपीएफची किंमत सर्व्हिस सेंटरमधून लेखी घ्या आणि सौदा करताना तेवढी रक्कम वजा करा.